पंथांतराची गोष्ट कोण लिहिणार?

मुंबई-गोवा महामार्गाने पोलादपूर सोडले की कशेडीचा घाट लागतो. चढ संपतो तेथे रायगड जिल्हा संपून रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ही वाट अनेकदा तुडवलेली आहे; मात्र घाटमाथ्यावर केवळ जिल्हाच बदलत नाही, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. अलीकडचे महाड-पोलादपूर मुंबई महाधर्मप्रांतात मोडते, तर पलीकडचे खेड २००५ साली स्थापन झालेल्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात. एका उतारावरचा कॅथॉलिक माणूस दुसऱ्या उतारावर राहावयास गेला, तर त्याचे महागुरुस्वामी बदलतात. मिस्सा तीच राहते, श्रद्धांगीकारही तोच राहतो. त्याला कोणी 'गेला' असे म्हणत नाही.

याच घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका कुटुंबाविषयी मात्र तो शब्द आमच्या कानी आला. 'ते गेले' म्हणजे वारले नव्हे, दुसऱ्या मंडळीत गेले. वसईकडून नोकरीनिमित्त महाडच्या औद्योगिक वसाहतीत आलेले हे घर. तीन-चार वर्षांपूर्वीपर्यंत सणावारी मिस्साला दिसायचे. आता दर रविवारी शेजारच्या गावातील एका घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेस जाते. बातमी सांगणाऱ्याच्या स्वरात दुःखापेक्षा तक्रार अधिक होती. 'पैशासाठी गेले असतील', हे वाक्य त्याने पुराव्यावाचून उच्चारले आणि आम्हीही ते पुराव्यावाचून ऐकून घेतले. प्रस्तुत लेखाचे निमित्त एवढेच. त्या घरी आम्ही पुढे गेलो. त्याविषयी शेवटी लिहू. तत्पूर्वी एक प्रश्न आपल्या साहित्यालाच विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मराठी ख्रिस्ती साहित्यात धर्मांतराच्या कथनाची परंपरा समृद्ध आहे. बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' आणि लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' ही पुस्तके केवळ ख्रिस्ती वाचकांची राहिलेली नाहीत. 'स्मृतिचित्रे'ने तर मराठी आत्मकथनाला एक नवी मोकळीक दिली. घर सोडणे, आप्तांचे रडणे, जातीबाहेर पडणे आणि नव्या श्रद्धेत पाऊल रोवणे, या सर्वांसाठी आपल्याकडे शब्द आहेत, प्रतिमा आहेत, वाचकाची तयार सहानुभूतीही आहे. परंतु ख्रिस्ती माणूस एका ख्रिस्ती परंपरेतून दुसरीत जातो, तेव्हा ही समृद्धी एकाएकी आटते. तेथे दोनच शब्द उरतात. आपल्याकडे आला तर तो 'परतला', आपल्याकडून गेला तर तो 'बहकला'. एकाच कृतीला दिशेनुसार दोन मापे लावणारी भाषा ही समीक्षेच्या दृष्टीने सदोष भाषा होय. श्रद्धेच्या दृष्टीने तर ती अधिकच सदोष ठरते.

वास्तविक, मराठी ख्रिस्ती समाजातील तीन थोर व्यक्तींच्या आयुष्यात हा प्रश्न मध्यवर्ती होता. त्यांची कारणे एकमेकांहून भिन्न होती, म्हणून ती तपासून पाहण्यासारखी आहेत.

पहिले नाव नीलकंठशास्त्री, अर्थात फादर नेहम्या गोरे यांचे. १८२५ साली झाशीजवळ चित्पावन कुटुंबात जन्म, काशीत शास्त्राध्ययन, आणि १८४८ साली चर्च मिशनरी सोसायटीच्या माध्यमातून बाप्तिस्मा. ही संस्था अँग्लिकन असली, तरी तिचा कल प्रॉटेस्टंट सुवार्तावादाकडे होता. षड्दर्शनांचे खंडन लिहिणारा हा पंडित स्वभावाने संशयी होता आणि बाप्तिस्म्याने त्याचा संशय पुसला गेला नाही. पवित्र ग्रंथ खरा. पण त्याचा अर्थ कोणी सांगावा? प्रत्येकाने आपापला लावावा तर अर्थ तितके होतात. या विचाराने ते हळूहळू प्राचीन ख्रिस्तसभेच्या अखंड शिकवणुकीकडे, साक्रामेंतांकडे आणि प्रेषितांपासून चालत आलेल्या अधिकाराकडे वळले. १८७० साली त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि १८७६ साली ऑक्सफर्डजवळील कौली येथील संन्यस्त संघात त्यांनी उमेदवार म्हणून प्रवेश केला. ध्यानात घ्यावयाचे ते हे की, गोरे अँग्लिकन चर्चच्या बाहेर कधीच पडले नाहीत. तरीही ज्या खोलीत ते शिरले होते आणि ज्या खोलीत ते १८९५ साली निवर्तले, त्या एकाच वाड्यातल्या पण पुष्कळ अंतरावरच्या खोल्या होत्या. त्यांच्या प्रवासाचे कारण होते प्रमाण. सत्य कोणाच्या हाती सुरक्षित आहे, याचा शोध.

याच कारणाने त्यांच्या आधी एक इंग्रज विद्वान एक पाऊल पुढे गेला होता. जॉन हेन्री न्यूमन यांनी प्राचीन ख्रिस्तसभेचा इतिहास अभ्यासता अभ्यासता १८४५ साली कॅथॉलिक श्रद्धा स्वीकारली. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. न्यूमन यांचे उदाहरण आपण प्रवचनांतून अभिमानाने सांगतो, सांगावेच. पण ते सांगताना एक गोष्ट आपण गाळतो. ऑक्सफर्डमधील त्यांच्या जुन्या स्नेह्यांना तो विश्वासघातच वाटला होता. आपल्या अभिमानाची गोष्ट ही दुसऱ्या कोणाच्या तरी घरातील रिकाम्या खुर्चीची गोष्ट असते.

दुसरे नाव पंडिता रमाबाईंचे. पुण्यात असताना गोऱ्यांच्या विवेचनाने आपले मन वळले, हे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे कन्या मनोरमेसह त्यांनी अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. तेथील धर्मभगिनी जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. पुढील दोन-तीन वर्षांत या दोघींमध्ये जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ साली ए. बी. शहा यांच्या संपादनाने ग्रंथरूपात प्रसिद्ध झाला. आमच्या मते पंथांतराविषयी मराठी माणसाने लिहिलेले सर्वांत प्रामाणिक साहित्य ते हेच. आणि ते इंग्रजीत आहे, ही आपल्या भाषेची उणीव आहे.

या पत्रांत रमाबाई त्रैक्याविषयी, ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाविषयी आणि श्रद्धासूत्रांविषयी प्रश्न विचारतात. एका पुरोहितवर्गाच्या सत्तेतून सुटलेल्या स्त्रीने दुसऱ्या तशाच सत्तेखाली का जावे, असा त्यांचा रोख आहे. क्रुसावर लॅटिन अक्षरे असण्याचे प्रयोजन काय, आपल्या संस्कृतात काय कमी आहे, असेही त्या विचारतात. आजचा वाचक साहजिकच रमाबाईंच्या बाजूने उभा राहतो. तथापि आम्ही ती पत्रे वाचताना जेराल्डिनबाईंनाही न्याय द्यावा असे म्हणू. त्या केवळ सत्ता गाजवीत नव्हत्या. बाप्तिस्म्याच्या वेळी स्वीकारलेली जबाबदारी त्या पार पाडू पाहत होत्या आणि श्रद्धा ही एकट्याने घडविण्याची वस्तू नव्हे, हा त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. चूक झाली ती स्वरात. प्रश्न विचारणाऱ्या शिष्येला त्यांनी अहंकारी मानले. जिज्ञासेला उद्धटपणा समजणे हा सर्वच परंपरांतील गुरुजनांचा जुना दोष आहे, आणि आपल्या धर्मशिक्षणाचे वर्ग त्यापासून मुक्त आहेत असे आम्हांस म्हणवत नाही.

रमाबाईंच्या आयुष्यात पुढे आणखी एक वळण आले. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, त्यांना एक आंतरिक अनुभव आला. तोवर त्या धर्माच्या आधारे चालत होत्या. धर्म ज्याच्याविषयी बोलतो त्याची वैयक्तिक ओळख तेव्हा पटली, असा त्यांच्या निवेदनाचा आशय आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे आध्यात्मिक जागरण झाले, तेही याच वाटेवरचे. तेथे मुली तासन्‌तास रडून प्रार्थना करीत. अन्य भाषांत बोलल्याचेही वृत्तान्त आहेत. मुक्ती मिशन कोणा एका संप्रदायाचे झाले नाही. पहिल्या वळणावर त्यांचे कारण होते विवेकबुद्धी, दुसऱ्या वळणावर अनुभव. ज्या इंग्लंडच्या चर्चमधील गुरुजनांशी त्यांनी वाद घातला, तेच चर्च आज ३० एप्रिल रोजी उपासनेत रमाबाईंचे स्मरण करते. काळाने दिलेला हा निवाडा वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी वाचावा.

तिसरे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. त्यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी झाला. कशेडी उतरून गेले की तो मुलूख फार दूर राहत नाही. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि अमेरिकन मराठी मिशनमध्ये अहमदनगर येथे कार्य केले. 'ज्ञानोदया'तील लेखन, मंडळ्यांमध्ये गायिली जाणारी भजने, 'ख्रिस्तायन'चा आरंभ हे सारे मिशनच्या छत्राखाली झाले. परंतु तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलेल्या या कवीला परक्या साच्यातील उपासना आणि परक्या पैशावरचा कारभार उत्तरोत्तर जड होऊ लागला. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी व पगार सोडून संन्यस्त वृत्ती धारण केली आणि 'देवाचा दरबार' उभारला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही तेथे जागा होती. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, त्यांचे निधन झाले आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही.

टिळकांच्या बाहेर पडण्याचे कारण सिद्धान्त नव्हते, ते होते माती. आपल्या भाषेत, आपल्या चालीत, आपल्या बैठकीत देवाला भेटता यावे ही भूक. येथे कॅथॉलिक वाचकाने लगेच समाधान मानू नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली आणि कीर्तन-भजनाला मंदिरात मान मिळाला हे खरे. परंतु टिळकांच्या बाहेर पडण्यानंतर त्याला जवळजवळ अर्धे शतक लागले. आणि फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' ओवीबद्ध केले होते, म्हणजे वाट आपल्याच घरात आखलेली होती. ती मधल्या तीन शतकांत आपण वापरली नाही.

प्रमाण, विवेक, अनुभव, माती. पंथांतराची ही चार कारणे आम्ही मोठ्या माणसांच्या चरित्रांतून काढली. पैशाचे कारण यांत कोठेही नाही. टिळकांनी तर जाताना पगार सोडला. एवढ्यावरून कोणीच कधी लाभासाठी जात नाही असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. पण तीच शंका सर्वांत आधी काढणे हा कोतेपणा आहे, एवढे तरी सिद्ध व्हावे.

आमचे कॅथॉलिक वाचक येथे म्हणतील की, ही सारी उदाहरणे प्रॉटेस्टंट बंधूंच्या घरातील आहेत. आपण एकसंध आहोत. त्यांना मुंबई बेटाचा इतिहास आठवून पाहण्याची आमची विनंती आहे. १७९४ पासून १९२८ पर्यंत तेथे कॅथॉलिकांवर दुहेरी अधिकार होता. काही धर्मग्रामे पोर्तुगीज पाद्रोआदोकडे, काही रोमच्या प्रोपागांदाकडे. मिस्सा तीच, लॅटिनही तेच, संतही तेच. तरी धर्मग्रामे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जात, चर्चच्या किल्ल्यांवरून तंटे होत आणि प्रकरणे सरकारदरबारी पोहोचत. तेथे वाद श्रद्धेचा मुळीच नव्हता. तो होता 'आपले कोण' याचा. म्हणजे पाचवे कारण सापडले, आणि ते आपल्याच इतिहासाने पुरविले. माणूस आपल्या माणसांमागे जातो.

आता घाटाच्या पायथ्याकडील त्या घराकडे वळू.

आम्ही गेलो ते थोडे उपदेशकाच्या आवेशातच. काकींनी चहा ठेवला. भिंतीवर पवित्र मरियेची तसबीर नव्हती. तिच्या जागी वचनाचा एक कागद चिकटवलेला होता. तो आम्ही पाहतो आहोत हे त्यांनी पाहिले. काही वेळाने त्या म्हणाल्या, "तसबीर आम्ही काढली नाही. पुरात गेली."

२०२१ च्या जुलैत सावित्रीचे पाणी महाडात शिरले, ते सर्वांना ठाऊक आहे. त्या वेळी हे कुटुंब महाडातच भाड्याने राहत होते. घरात छातीएवढे पाणी, मग गुडघाभर चिखल. काका तापाने पडलेले. तिसऱ्या दिवशी सात-आठ तरुण फावडी घेऊन आले. कोणत्या चर्चचे, हे त्यांनी सांगितले नाही आणि यांनी विचारले नाही. दोन दिवस त्यांनी चिखल उपसला, भांडी धुतली, काकांना दवाखान्यात नेले. जाताना एक गीत म्हटले, प्रार्थना केली. पुढच्या रविवारी हे दोघे त्यांच्याकडे गेले, ते जातच राहिले.

"तुम्ही विचारता, काकी, का गेलात," त्या म्हणाल्या. "विचारा, राग नाही. पण आम्ही सहा महिने मिस्साला नव्हतो, तेव्हा कुठे आहात म्हणून कोणी विचारलं नव्हतं."

याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यांच्या जाण्याची बातमी आम्हांपर्यंत पोहोचली होती. त्यांच्यावरील संकटाची पोहोचली नव्हती. त्या पुरात कॅथॉलिक संस्था व कार्यकर्ते कोठेच नव्हते असे आम्ही म्हणत नाही. या एका घरी मात्र आपण नव्हतो, आणि जाण्याचे कारण शोधण्यासाठी याहून दूर जावे लागत नाही.

तरीही समीक्षकाने एका बाजूस झुकून दुसऱ्या बाजूचे दोष झाकू नयेत. काकींनीच सांगितलेली एक गोष्ट आम्हांस खटकली. नव्या मंडळीत त्यांना पुन्हा बाप्तिस्मा घेण्यास सांगण्यात आले आहे. बालपणी झालेला तो बाप्तिस्माच नव्हे, असे त्यांना शिकविले जाते. काकी अजून तयार झालेल्या नाहीत. "आईने मला कडेवर घेऊन नेलं होतं," एवढेच त्या म्हणतात. चिखल उपसणाऱ्या हातांबद्दल आमच्या मनात आदर आहे. पण एका मातेने श्रद्धेने केलेली गोष्ट शून्य ठरवण्याचा अधिकार त्या सेवेतून निर्माण होत नाही. आजारपणात मिळालेला आधार हा उपकार आहे. त्याच आधाराच्या बळावर मरियेच्या भक्तीला मूर्तिपूजा म्हणावयास लावणे, हा उपकाराचा गैरवापर होय.

आपल्या ख्रिस्तसभेचे माप याहून उदार आहे, हे आपल्यालाच पुरेसे माहीत नसते. पाणी आणि त्रैक्याच्या नावाने विधिवत झालेला बाप्तिस्मा, मग तो कोणत्याही ख्रिस्ती मंडळीत झालेला असो, कॅथॉलिक ख्रिस्तसभा ग्राह्य मानते. असा बंधू पूर्ण ऐक्यात आला तर त्याला पुन्हा बाप्तिस्मा दिला जात नाही. तो श्रद्धा प्रकट करतो, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद स्वीकारतो. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्ती ऐक्यविषयक परिषद-दस्तऐवजाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, विभक्त मंडळ्यांत जन्मलेल्यांवर विभाजनाच्या पापाचा आरोप ठेवता येत नाही, ते प्रभूमध्ये बंधू आहेत, आणि फुटीस दोन्ही बाजूंची माणसे कारण झाली होती. म्हणजे आपण ज्याला 'परतला' म्हणतो, त्याच्या आधीच्या आयुष्यातील प्रार्थना वाया गेलेली नसते. तो काही घेऊन येतो. आणि ज्याला आपण 'बहकला' म्हणतो, त्याच्या कपाळावरचे पाणी पुसले गेलेले नसते.

याचा अर्थ सर्व परंपरा सारख्याच, कोठेही गेले तरी चालते, असा नव्हे. तसे म्हणणे गोऱ्यांच्या, न्यूमन यांच्या आणि रमाबाईंच्याही यातनांचा अपमान ठरेल. त्यांना फरक महत्त्वाचा वाटला म्हणूनच ते झिजले. ख्रिस्तप्रसादात प्रभू प्रत्यक्ष उपस्थित आहे असे मानणाऱ्याने त्या मेजापासून दूर जाणाऱ्याविषयी हळहळावे, हे योग्यच आहे. पण हळहळ ही नालस्तीहून वेगळी असते. हळहळणारा माणूस दार ठोठावतो.

इतिहासाने एक गोष्ट मात्र करून दाखविली आहे. टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते तिच्या मंडळ्या आणि गोरे ज्या अँग्लिकन परंपरेत निवर्तले ती उत्तर भारतातील परंपरा, या दोन्ही २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये एकत्र आल्या. एकेकाळी माणसे ज्या भिंती ओलांडताना रक्तबंबाळ झाली, त्यांतील काही भिंती त्यांच्या नातवंडांच्या काळात पाडण्यात आल्या. सर्व भिंती पडतील असे नाही. पण भिंत ओलांडणाऱ्याची हकिकत लिहिलेली असेल, तरच ती कोठे आणि का होती हे पुढच्यांना कळेल.

म्हणून आमची तक्रार अखेरीस साहित्याकडेच येते. आपल्या त्रैमासिकांत, स्मरणिकांत, धर्मग्रामांच्या रौप्यमहोत्सवी अंकांत आलेल्यांची साक्ष छापली जाते, गेलेल्यांची नाही. मिश्र विवाहामुळे चर्च बदललेली सून, शिकण्यासाठी अन्य संप्रदायाच्या वसतिगृहात राहून तेथलाच झालेला मुलगा, पुरानंतर वाट बदललेल्या काकी, यांच्यावर कथा नाही, आत्मकथन नाही, निर्मळ मनाने लिहिलेला साधा लेखही नाही. त्यांनी लिहिले तर आपण छापू काय? आणि छापले तर वाचू काय? आमच्या मते छापावे. त्यांतील शिकवणुकीच्या चुकांना उत्तर देण्यास आपल्याकडे विद्वान धर्मगुरू आहेत. त्यांतील आपल्यावरील आरोपांना मात्र लेखणीने उत्तर देता येणार नाही.

काकींकडून निघताना आम्ही त्यांना मरियेची एक तसबीर पाठवू का, असे विचारले. त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "पाठवू नका. घेऊन या."

नाताळापूर्वी जाण्याचे आम्ही ठरविले आहे.